झोपून कमावलेल्या रात्री

वरच्या मजल्यावरच्या तिजानीने म्हातारपणी बाहेर बाई ठेवली, ही बातमी आमच्या इमारतीत खालती नाजियाने आणली. खालती म्हणजे मावशी, आणि नाजिया अख्ख्या गल्लीची मावशी. बातमी सांगताना तिला धाप लागते. धाप खरी असते, बातमीचं मात्र बघून घ्यावं लागतं.

"या डोळ्यांनी पाहिलं गं, या डोळ्यांनी!" जिन्यातच कठड्याला टेकून तिने सुरुवात केली. "भाचीच्या साखरपुड्याला गेले होते, त्या निळ्या पाखराच्या हॉटेलात. बघते तर काय, काउंटरपाशी आपला तिजानी! आणि खुर्चीत बाई. पाठमोरी. तपकिरी कोट, कॉलरला फर! कारकून म्हणतो, लग्नाचा दाखला दाखवा, त्याशिवाय दोघांना खोली नाही. हा कुठला दाखवतोय! तोंड एवढंसं झालं आणि धूम पळाला की बाहेर."

"आणि बाई?"

"बसली की तिथंच, ढिम्म! कायद्यानं दुसरी करता येत नाही ना, मग माणसं अशी हॉटेलात ठेवतात हो."

यातलं बहुतेक सगळं खरं होतं. तिजानी होता, कोट होता, दाखला नव्हता आणि तो पळालाही होता. फक्त खुर्चीतली बाई मबरूका होती, त्याची लग्नाची बायको. संसाराला तीस वर्षं उलटून गेल्यावर नवराबायकोने आपल्याच गावात हॉटेलात राहायला जाताना लग्नाचा दाखला बरोबर घ्यायचा असतो, हे बिचाऱ्याला सुचलंच नव्हतं. तो पळाला तो दाखला आणायला. कोट माझ्या आईचा होता. हॉटेलात जायचं म्हणून मबरूकाने तो उसना नेला होता.

आता आमच्या स्फाक्स गावचा माणूस, ज्याचं स्वतःचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, तो पैसे मोजून हॉटेलात कशाला झोपेल? स्फाक्सच्या माणसाच्या खिशाला कुलूप असतं आणि किल्ली बायकोकडेही नसते, असं सूसचे लोक म्हणतात. म्हणून नाजियाचा हिशोब लोकांना पटला. खरा हिशोब वेगळा होता.

तिजानी तेलघाण्यांचे सुटे भाग विकायचा. ऑलिव्हचा हंगाम आला की गाबेसपासून ट्युनिसपर्यंत घाण्या-घाण्यांवर फिरायचा, आणि रात्र पडेल तिथं कुणाच्या तरी ओसरीवर, नाहीतर चुलतभावाच्या घरी अंग टाकायचा. कंपनी मुक्कामाचे पैसे द्यायची, ते तो वाचवायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मबरूकाचं हृदय थकलं. दोन जिने चढले की ती मधल्या पायरीवर बसायची आणि वर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "बसलेय अशीच, हवा बरी आहे." डॉक्टरने तिजानीला बाजूला घेतलं. "काही करायचं राहिलं असेल तर पुढच्या वर्षावर ठेवू नका."

राहिलेलं एकच होतं. उल्फा. एकुलती एक मुलगी शिकायला म्हणून फ्रान्समध्ये ल्योंला गेली, तिथंच लग्न केलं, दोन मुलं झाली, आणि मध्येच, सहा वर्षांपूर्वी, तिच्या राहण्याच्या परवान्याची मुदत सरली. आता ती इकडे आली की परत जाणं नाही. तिकडे पोरं, नवरा. म्हणजे आईलाच जायला हवं. पण फ्रान्सचा व्हिसा मागायचा तर कुठं उतरणार ते दाखवावं लागतं, आणि उल्फा राहायची दुसऱ्याच्या नावावरच्या एका खोलीत. तो पत्ता सांगणं म्हणजे वाघाच्या तोंडात हात. राहिलं हॉटेल. पण आपला दीनार समुद्र ओलांडत नाही. वर्षाला नेऊ देतात तेवढ्या परकीय पैशात दोघांचं पोट भरलं असतं, डोक्यावर छप्पर मिळालं नसतं.

"तुमचं कार्ड इथंच चालतं, काका," बँकेतल्या मुलीने सांगितलं होतं. "पलीकडे ते नुसतं प्लास्टिक. लोणी लावायला घ्या."

पोरीची जीभ तिखट होती, पण ती खोटं बोलली नव्हती.

मग एकदा सूसला पावसाने रस्ता बंद झाला आणि तिजानीला नाइलाजाने तिथल्या, त्याच निळ्या पाखराची पाटी असलेल्या हॉटेलात उतरावं लागलं. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "सदस्य आहात? नाही? व्हा की, फुकट आहे. प्रत्येक रात्रीचे पॉइंट जमा होतात. पुरेसे झाले की आमच्या कुठल्याही हॉटेलात फुकट राहायचं."

"फुकट" म्हटल्यावर स्फाक्सचा माणूस थांबतोच. "कुठल्याही म्हणजे?"

"कुठल्याही. ट्युनिस, जेर्बा, पॅरिस, ल्यों."

"ल्यों? पैसे इथं दीनारात भरायचे आणि पॉइंट ल्योंमध्ये चालायचे?"

"चालतात हो काका. पॉइंटांना कुठं व्हिसा लागतो!"

तिजानी त्या रात्री झोपलाच नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी त्याने तिला पुन्हा गाठलं. आणखी कशाने मिळतात? ती म्हणाली, तिकडच्या लोकांची बँकेची कार्डंच तशी असतात, भाजी घेतली तरी पॉइंट, गाडीत पेट्रोल भरलं तरी पॉइंट. हा परत बँकेत. तिथली ती मुलगी एवढी हसली की शेजारचा कारकून उठून बघायला आला. "काका, आमच्या कार्डावर पेट्रोल मिळालं तरी नशीब!"

म्हणजे तिजानीपुढे एकच वाट उरली. स्वतः जायचं, स्वतः पैसे भरायचे, स्वतः झोपायचं. "जग घाम गाळून कमावतं," तो म्हणायचा, "मी घोरून कमावतो."

सिगारेट सुटली. कट्ट्यावरची कॉफी सुटली. कंपनीच्या पैशांत स्वतःचे घालून तो प्रत्येक मुक्काम पाखराच्या हॉटेलात करू लागला. घाण्यावाले आणि चुलतभाऊ रुसले. "आमची ओसरी टोचायला लागली का रे साहेबांना?" तो हसण्यावारी न्यायचा. जिथं एका दिवसात परतता आलं असतं तिथंही मुक्काम करायचा. रोज संध्याकाळी घरी फोन. मबरूका फोन स्पीकरवर ठेवायची, त्यामुळे खिडक्या उघड्या असल्या की दोघांचंही बोलणं आम्हाला खाली ऐकू यायचं.

"जेवलास?"

"जेवलो."

"काय?"

"अंडं."

"एवढ्या मोठ्या हॉटेलात अंडं?"

"सकाळची न्याहारी फुकट असते गं. तेव्हा दोन्ही वेळचं खाऊन घेतो. तिथला वाढपी मला बघून ताटं लपवतो."

ती हसायची, हसता हसता खोकायची. मग एकदा म्हणाली, "किती झाल्या?"

"बऱ्याच झाल्या. अजून थोड्या रात्री."

"त्या नव्हे रे. मी एकटी झोपतेय, त्या किती झाल्या?"

गोष्ट खरीच होती. तिला मुलीपर्यंत न्यायची प्रत्येक रात्र त्याने तिच्यापासून दूर झोपून मिळवली होती, आणि दोघांपाशी रात्री काही पोत्याने नव्हत्या.

हंगाम संपला, फिरती थांबली, आणि नेमक्या थोड्या रात्री कमी पडल्या. तो हिशोब करत बसला तर मबरूका म्हणाली, "गावातलं हॉटेल चालत नाही का?"

"चालतं की. पण घर असताना..."

"मग मला घेऊन चल. पॉइंट माझ्यासाठी ना? मग मी इथं भिंतीकडे तोंड करून का पडू?"

अशी ती कोट घालून त्या खुर्चीत बसली, आणि खालती नाजियाला बातमी मिळाली.

मबरूका आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात झोपली. घरून चादर घेऊन गेली, बसीसाचं, म्हणजे भाजून दळलेल्या धान्याचं, पीठ आणि मधाची बाटली घेऊन गेली. सकाळी उठून तिने पलंग आवरला, न्हाणीघर पुसलं, आणि साफसफाईची बाई आली तेव्हा तिला खुर्ची देऊन बसवलं. "बस गं माझे आई, झालंय सगळं. बसीसा खातेस?" ती बाई नंतर तिजानीला म्हणाली, "काका, यांना दर आठवड्याला आणा."

संध्याकाळी दोघं खिडकीपाशी बसायची. मबरूका पडद्याची जाडी बोटांनी बघायची.

"ल्योंमधली खोली अशीच असेल?"

"अशीच. हे लोक सगळ्या एकसारख्याच करतात."

"पलंगसुद्धा?"

"पलंगसुद्धा."

"मग मी ती पाहिली म्हण," ती म्हणाली.

तिजानीला त्या बोलण्याचा राग आला. तिच्याशी तो घटकाभर बोलला नाही. पुढे त्याला सगळ्यात जास्त तीच घटका टोचली.

पॉइंट पुरले. वसंतातल्या सात रात्री ल्योंमध्ये ठरल्या, दोघांचे पासपोर्ट व्हिसासाठी गेले. उल्फाने मुलांना शिकवायला घेतलं, आजीला हाक कशी मारायची ते. मबरूकाने बसीसा दळून आणला, ऑक्टोपस वाळत घातले. आणि एका दुपारी वाटाणे सोलता सोलता तिने ताट बाजूला सरकवलं, भिंतीला टेकली, आणि गेली.

उल्फा येऊ शकली नाही. मयत उठेपर्यंत तिजानीने फोन खिडकीत उभा करून ठेवला होता. त्यातून ती रडत होती, आणि मध्येच तिची धाकटी विचारत होती, "आजी कुठली? यातली आजी कुठली?"

पाकीट पुढच्या आठवड्यात आलं. दोन पासपोर्ट, दोन्हींत व्हिसा. दारावर नाजियाने घेतलं, उघडून पाहिलं, कारण न उघडणं तिला जमत नाही. वर नेऊन तिजानीच्या हातात दिलं. आयुष्यात पहिल्यांदा ती बातमी घेऊन आली आणि एक शब्द बोलली नाही.

सगळ्यांना वाटलं, आता हा कशाला जातोय. मलाही वाटलं. आम्ही त्याला अम्म, म्हणजे काका म्हणायचो. मी त्याला जिन्यात विचारलं, "अम्म तिजानी, ते पॉइंट परत घेता येतात ना?"

"येतात. पण मी जाणार आहे."

"कशाला?"

"खोली दोघांची आहे. उल्फा राहील, पोरं राहतील."

"उल्फाताई? हॉटेलात? काउंटरवर कागद विचारतात. ती पोलिसाची टोपी दिसली तरी गल्ली बदलते, तुम्हीच सांगता. ती दारातसुद्धा यायची नाही."

"येईल."

"नाही येणार. पैज!" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि जीभ चावली.

"लागली पैज. मकरूद," त्याने खजूर भरलेल्या वड्यांचं नाव घेतलं. "कैरवानचे. एक किलो."

तो गेला. तिथं काय झालं ते त्याने परत आल्यावर सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात, चहा गार होऊ देत.

पहिल्या संध्याकाळी उल्फा समोरच्या ट्रामच्या थांब्यावर येऊन उभी राहिली. दोन्ही हातांत पोरं. एक ट्राम गेली, दुसरी गेली, तरी रस्ता ओलांडेना. तिजानी काचेतून बघत होता. मग तो काउंटरवर गेला आणि आपल्या मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाला, "खोलीत दुसरं नाव माझ्या बायकोचं आहे. ती आली नाही. तिच्या जागी मुलगी आलीय, बाहेर उभी आहे. आत येऊ का विचारतेय." काउंटरवरच्या बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे पाहिलं. कागद मागितले नाहीत. दुसरी किल्ली काढून पुढे सरकवली.

उल्फा वर आली. कोट न काढता पलंगाजवळ उभी राहिली.

"आई कुठल्या बाजूला झोपली असती?"

"खिडकीच्या."

ती खिडकीच्या बाजूला आडवी झाली, बुटांसकट, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. तिजानी खुर्चीत बसून राहिला. पोरांनी टीव्ही लावला, आवाज बंद करून. साती रात्री ती काम संपवून तिथंच यायची आणि नुसती झोपायची.

"सहा वर्षांची झोप होती," तिजानी म्हणाला. मग चहाचा गार घोट घेतला आणि माझ्याकडे वळला. "मकरूद?"

मी दुसऱ्याच दिवशी आणून दिले. त्याने डबा हातात धरून तोलला.

"हे किलोभर नाहीत."

"डब्यासकट आहेत."

"पैज डब्याची नव्हती, पोरी. जा, राहिलेले घेऊन ये. ल्योंचं पार्सल आज जायचंय, आणि तिकडे खाणारी दोन आहेत."