कुणाच्याही गाडीवर न बसणाऱ्या आक्का

मागच्या महिन्यात शाळेत परिपाठ चालू असताना आण्णांचा, माझ्या थोरल्या दिरांचा फोन आला. “आक्का गेली. या तुमी. सावकाश या...” एवढंच बोलले. जुन्नरहून निमगाव सावा काही फार लांब नाही, पण त्या दिवशी एसटी प्रत्येक थांब्यावर मुद्दाम रेंगाळतेय असं मला वाटत होतं. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. नवी नवरी असताना मी करपवलेली भाकरी गुपचूप गाईपुढे टाकून “कुणाला सांगू नगं” म्हणणाऱ्या.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. पुण्यात ऑपरेशन झालं, मग केमो. केस गेले आणि परत आले ते कुरळे आले. त्यावरून मी त्यांना फार चिडवलं. डॉक्टरांनी बऱ्या झाल्याचं सांगितलं, पण गावाला काही ते पटेना. भेटायला येणाऱ्यांची रीघ चालूच. बिस्किटाचा पुडा पुढे ठेवायचा, “आता कसं वाटतंय?” विचारायचं आणि याच दुखण्यानं आपल्या नात्यात कोण कोण गेलं ते सांगत बसायचं. असल्या माणसांचा मला संताप येतो. आक्का मात्र मुकाट्यानं चहा टाकायच्या. शेवटी डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, हे निमित्त करून त्या सकाळी सकाळी कालव्याच्या रस्त्याला लागल्या.

एकदा उसात काहीतरी खसपसलं. आमच्याकडे उसात खसपसलं की माणूस बिबट्याच धरून चालतो. आक्का पदर खोचून जीव मुठीत घेऊन पळाल्या. मागून बाहेर आलं ते शेजाऱ्यांचं कुत्रं! “लई हसले गं मी,” त्या सांगायच्या, “पर आपल्याला पळता येतंय, हे त्या कुत्र्यानं दावलं.” दुसऱ्या दिवसापासून त्या बिबट्याशिवायच पळू लागल्या.

खरी अडचण पुढेच होती. आमच्या भागात ओळखीचं माणूस पायी दिसलं आणि गाडी थांबवली नाही, तर तो मोठा अपमान समजतात. त्यामुळे प्रत्येक मोटारसायकल आक्कांजवळ थांबायची. “आक्का, बसा, सोडतो.” “आरं, मी पळतीय.” “पळता कशाला, गाडी हाये की!” नाही म्हटलं की समोरचा रुसायचा. आळ्याच्या बाजारात तर एकानं आण्णांना बाजूला घेऊन, घरात काही भांडण झालंय का, असं विचारलं. आण्णाही काही कमी नव्हते. बिबट्याच्या धास्तीनं ते मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून मोटारसायकलवर मागे मागे जायचे आणि थोड्या थोड्या वेळानं विचारायचे, “बसतीस का?”

एकदा शेंगा फोडताना आक्का मला म्हणाल्या, “लोकं मला आजून खाटंवरच बघत्यात. ह्ये पण. एकदा त्ये मॅरेथॉनचं बेचाळीस किलोमीटर माझ्या पायानं पुरं करायचंय. मग म्हणू दे काय म्हणायचं त्ये.” मी हसले नाही. त्यांचा चेहराच तसा होता.

आधी त्यांनी अर्धी मॅरेथॉन केली. पुढच्या वर्षी पुण्याजवळच्या एका शर्यतीत त्यांच्या लेकीनं पूर्ण मॅरेथॉनला नाव घातलं. आण्णा आतल्या रस्त्यानं मोटारसायकल घेऊन गेले, मागे मी. शेवटचे काही किलोमीटर राहिले असताना आक्का दिसल्या त्या रस्त्याच्या कडेला बसलेल्या. पायात गोळे आले होते, डोळ्यांत पाणी. आण्णांना बघून त्यांनी हातच पुढे केला. आता आण्णा त्यांना उचलून गाडीवर घालणार, अशी माझी खात्री होती. आण्णा गाडीवरून उतरले, किल्ली काढून खिशात टाकली आणि म्हणाले, “गाडी बंद पडलीय. तुला चालतच जावं लागंल.”

आक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या. त्या पोचल्या तेव्हा मांडवाच्या कनाती सोडत होते, पण पदक मिळालं. रात्री मला म्हणाल्या, “गाडीला काय बी झालं नव्हतं, मला कळलं व्हतं गं.” आणि खूप रडल्या. मीही रडले.

गेल्या वर्षी दुखणं उलटलं. या वेळी डॉक्टरांनी आशा दाखवली नाही. आक्का शांतपणे गेल्या वगैरे मी लिहिणार नाही. त्या चिडल्या होत्या, त्यांना अजून पळायचं होतं.

दहाव्याला घाटावर एक पाहुणे म्हणालेच, “बरी झाल्याली बाई... पळण्यानं गेली.” मी तोंड उघडणार, तोच कधी चारचौघांत न बोलणारे आण्णा म्हणाले, “पळण्यानं न्हाई गेली, पावणं. तुमी भेटाया यायचा तवाच ती निम्मी गेल्याली व्हती. पळाया लागली आन् माझी बायको मला परत मिळाली.”

गेल्या रविवारी आण्णा मला एसटीसाठी आळेफाट्याला सोडायला निघाले. कालव्याच्या रस्त्याला लागताच गाडी मंदावली, इतकी की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. “आण्णा, एसटी जाईल,” मी म्हणाले. “व्हय, व्हय,” ते म्हणाले. पुढचा रस्ता अगदी मोकळा होता. आण्णांची नजर मात्र गाडीच्या थोडी पुढे, कुणाच्या तरी पाठीवर ठेवावी तशी होती. कालवा संपेपर्यंत त्यांनी वेग वाढवला नाही. मीही पुन्हा काही म्हणाले नाही, आणि माझी एसटी चुकली.