निंबार्तेकाकांचे दोन दिवस

निंबार्तेकाका गाडीत बसले की आधी वास घेत. चालकाच्या सीटवर बसायचं, काचा वर करायच्या, डोळे मिटायचे आणि स्टिअरिंगखाली नाक नेऊन दोन-तीन लांब श्वास ओढायचे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसूच येई. मलाही आलं होतं. तेव्हा त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "सिस्टर, तुमी पेशंटच्या छातीले नळी लावता तवा तो हासते काय?"

तुमसरला राइस मिलच्या ओळीच्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड होती. बाहेर पाटी नव्हती. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा साठीपुढचा हा बारीक अंगाचा माणूस सगळ्यांना माहीत होता, त्यामुळे पाटीची गरजही नव्हती. मी तेव्हा नाकाडोंगरीच्या बाजूला एका उपकेंद्रात नर्स होते आणि तुमसरला खोली घेऊन राहत होते. माहेर कोंढ्याचं, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं. या भागातले जंगलातले रस्ते मला ठाऊक नव्हते. गृहभेटीला निघाले की दोन फाटे चुकायचे, आणि मोबाइलला रेंज नसल्यामुळे त्यातला नकाशाही कामाचा नसे. म्हणून मी माझ्या बारा वर्षं जुन्या, दुसऱ्याकडून घेतलेल्या गाडीसाठी एक मोठ्या पडद्याचा सेट मागवला होता. त्यात गाणी होती, आणि रेंज नसतानाही चालणारा नकाशा होता. तो बसवून घ्यायला मी एका शनिवारी काकांकडे गेले.

वास घेऊन झाल्यावर काकांनी जुना टेप बाहेर ओढला. मागून तारांचा एक गुंता लोंबत खाली आला. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि एकेक तार बोटानं वेगळी करून पाहिली. मग म्हणाले, "आंधीच्या मालकानं लय हात मारून ठेवला आहे. हे पाहा, तार नुसते पिरगाळले अन् वरून कागदाची चिकटपट्टी. अन् फ्यूजच्या जागी चॉकलेटची चमकी. सिस्टर, दोन दिवस गाडी ठेवा. सारं काढतो, नवीन तार टाकतो, मंग तुमचा सेट लावतो."

माझ्याकडे दोन दिवस नव्हते. दुसऱ्या दिवशी रविवार असला तरी लसीकरणाची तयारी होती, सोमवारी सत्र होतं. मी म्हटलं, "काका, सध्या नुसता सेट जोडून द्या. बाकीचं पुढच्या महिन्यात करू."

"कायले एवढी घाई करून राहिल्या? रस्ता कुठी पळून नाही जाऊन राहिला."

"पण माझी ड्युटी आहे."

"ड्युटी आहे म्हणूनच सांगून राहिलो. गाणं पुढच्या हप्त्यात ऐकजा."

आमची थोडी बोलाचाली झाली. शेवटी त्यांनी जुना टेप जसाच्या तसा लावून दिला, फक्त चमकी काढून तिथं खरा फ्यूज बसवला आणि सेटच्या खोक्यावर पेनानं आपला नंबर लिहिला. "जळका वास आला तं फोन करजा. कवाबी," एवढंच म्हणाले. मी रागातच निघाले. बाजारात दुसऱ्या एका दुकानात तोच सेट पाऊण तासात बसला. पडदा उजळला, स्पीकरमधून बाईचा आवाज आला, 'उजवीकडे वळा.' दुकानदारानं सांगितलं, जुन्या वायरिंगवर भार नको म्हणून थेट बॅटरीवरून नवी लाल तार आणली आहे. मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

नऊ दिवस सेट छान चालला. दहाव्या दिवशी दुपारी संगीता उपकेंद्रावर आली. आठवा महिना होता. चेहरा सुजलेला, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तिचा रक्तदाब मी दोनदा मोजला, कारण पहिल्या आकड्यावर माझा विश्वास बसेना. अशा बाईला कधीही फेफऱ्यासारखा झटका येऊ शकतो. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलेलं इंजेक्शन दिलं. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन भंडाऱ्याला गेली होती, तिला यायला दीड तास लागणार होता. मी संगीताला माझ्या गाडीत मागे आडवं केलं, तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि आम्ही तुमसरच्या सरकारी दवाखान्याकडे निघालो.

जंगलाचा पट्टा लागला आणि एका खड्ड्यात गाडी आदळली. पुढच्या क्षणी पडदा विझला. मी म्हटलं जाऊ दे, रस्ता आता पाठ आहे. मग वास आला. प्लास्टिक जळाल्याचा, घशाला झोंबणारा. डॅशबोर्डच्या फटीतून धुराची बारीक रेघ वर चढत होती.

मी गाडी बाजूला घेतली, चावी काढली. धूर थांबला नाही. उलट वाढतच गेला. सासूनं आणि मी मिळून संगीताला बाहेर काढलं आणि सागाच्या झाडाखाली कुशीवर निजवलं. मोबाइलवर रेंजची एक काडीही नव्हती. सासू फोन हातात वर धरून रस्त्यानं चालत गेली आणि वीसेक पावलांवर, ओढ्यावरच्या मोरीवरून ओरडली, "आली बाई, एक काडी आली."

खोकं डिक्कीतच होतं. त्यावरचा नंबर मी फिरवला. काकांनी पहिल्याच रिंगला उचलला. मी काय सांगितलं ते आता आठवत नाही. त्यांनी मधेच थांबवून विचारलं, "पेशंट बाहेर आहे ना गाडीच्या? बेस. आता बोनेट उघडा."

फोन मोरीवर आणि गाडी वीस पावलं दूर. फोन सोबत नेला की आवाज तुटायचा. शेवटी सासू फोन कानाला लावून मोरीवर उभी राहिली आणि काकांचं एकेक वाक्य मोठ्यानं मला सांगू लागली. शाळेचं तोंड न पाहिलेली ती बाई, पण एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

"ते म्हणते, बॅटरीवरून नवीन लाल तार निंगाला अशीन, तो दिसून राहिला का?"

दिसत होती. बॅटरीपासून निघून ती इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्यातल्या भोकातून आत गेली होती. भोकाच्या धारदार कडेवर घासून तिचं आवरण फाटलं होतं आणि तिथं उघडं तांबं पत्र्याला टेकून लाल झालं होतं.

"ते म्हणते, तो तार बॅटरीवरून ओढून काढा. पर हातानं नको. जाड कापड घ्या. सुती पाहिजे. ओढणी पॉलिस्टरची अशीन तं ते हाताले चिकटन."

माझी ओढणी पॉलिस्टरचीच होती. मी इकडेतिकडे पाहू लागले. सासूनं काखेतली पिशवी माझ्याकडे फेकली. बाळासाठी जुन्या लुगड्याचं शिवलेलं दुपटं त्यात होतं. मी ते चार पदरी करून हाताला गुंडाळलं, तार बॅटरीजवळ धरली आणि ओढली. पहिल्यांदा आली नाही. दुपट्यातून चटका जाणवला. दुसऱ्यांदा पाय बंपरला लावून ओढली तेव्हा ठिणगी उडून ती सुटली आणि मी मागे रस्त्यावर बसले.

"सुटली म्हणा!" मी ओरडले.

"ते म्हणते, आता पाच मिनिटं थांबा."

झाडाखाली संगीता कण्हत होती. डोळ्यांपुढे ठिणग्या दिसतात म्हणत होती. मी मोरीकडे धावले, फोन हिसकावून घेतला. "काका, पाच मिनिटं नाहीत हो माझ्याकडे. हिला झटका आला तर दोघं जातील."

"मले समजून राहिलं," काका म्हणाले. आवाज अगदी एका पट्टीत. "पर आतमंधी धग अशीन अन् तुमी गाडी चालू केली, तं चालत्या गाडीत पेटन. रस्त्यात तिघीले कोण काढन? जा, तो जळका तार दुसऱ्या ताराले चिकटला का पाहा. मंग वास घ्या. वास कमी होऊन राहिला का वाढून राहिला, ते सांगा."

मी गेले. तार दुसऱ्या कशाला चिकटली नव्हती. मी स्टिअरिंगखाली डोकं घातलं, डोळे मिटले आणि श्वास ओढला. एक मिनिट. दोन. नाडी मोजायची सवय होती म्हणून मनातल्या मनात आकडे मोजत राहिले, नाहीतर मी चावी फिरवलीच असती. चौथ्या मिनिटाला वास पातळ झाला. पाचव्याला नुसत्या कोमट प्लास्टिकचा राहिला. मी सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "चालवा. काचा खाली. धूर दिसला की थांबा, नाही तं थांबू नका. मी समोरून येऊन राहिलो."

संगीताला पुन्हा मागे निजवून आम्ही निघालो. अर्ध्या वाटेवर एक छोटा मालवाहू टेम्पो दिवे लावून समोरून आला. शेजारच्या माणसाच्या त्या टेम्पोत काका बसले होते, मांडीवर पाण्याचा कॅन आणि हातात पाना-पक्कड. आम्ही न थांबता पुढे गेलो, टेम्पो वळला आणि दवाखान्याच्या दारापर्यंत आमच्या मागे राहिला. संगीताचं त्याच संध्याकाळी सिझर झालं. मुलगी झाली, फार लहान, पण रडली. आई दोन दिवसांनी शुद्धीत नीट बोलली.

गाडी ओढून काकांच्या शेडमध्ये नेली. मला वाटलं होतं, आता ऐकून घ्यावं लागणार. काकांनी फक्त चावी मागितली. सगळा डॅशबोर्ड खोलून त्यांनी दोन दिवस काम केलं. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्यांनी मला खाली वाकवून दाखवलं. बॅटरीपासून चार बोटांवर फ्यूज. पत्र्याच्या भोकात रबरी कडी, म्हणजे तार घासणार नाही. प्रत्येक जोड वेगळा बांधलेला. नकाशासाठी आकाशातला सिग्नल पकडणारा काडेपेटीएवढा काळा तुकडा समोरच्या काचेखाली चिकटवलेला. मग त्यांनीच विचारलं, "तुमाले वाटलं अशीन ना, हा म्हातारा कायले एवढा अडून बसते?"

विशीत असताना त्यांनी भाटव्याच्या जीपमध्ये, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याच्या जीपमध्ये, टेप बसवला होता. लग्नाची घाई होती, वरातीत गाणी पाहिजे होती. फ्यूज उद्या लावू म्हणाले. वरातीहून परत येताना जीप पेटली. भाटवा वाचला, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्या हातानं त्याला पुन्हा नांगर धरता आला नाही.

"माही बहीण मले काहीच बोलली नाही," काका म्हणाले. "दर वर्षी राखी बांधे. बोलली असती तं बरं झालं असतं."

त्या दुसऱ्या दुकानदाराशी मी भांडायला निघाले होते. काकांनी अडवलं. "त्यानं मुद्दाम नाही केलं. त्याले कोणी दाखवलंच नाही." मग जळकी तार आणि मूठभर रबरी कड्या खिशात घालून ते स्वतः बाजारात गेले. त्यांच्यात काय बोलणं झालं कोण जाणे. पुढे तो माणूस अवघड गाडी आली की काकांकडे विचारायला येऊ लागला, आणि काका त्याला आपल्या शेजारी खुर्ची देत.

दोन वर्षांनी माझी बदली पवनी तालुक्यात झाली. काका गेल्याचं मला फोनवर कळलं. सकाळी चहा पिताना छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. तेरवीला मी तुमसरला गेले. इंदूकाकू, त्यांची बायको, मला घेऊन आतल्या खोलीत बसल्या. मी त्यांना सांगत होते, त्या दिवशी काकांचा आवाज जराही हलला नाही, त्याच आवाजाच्या आधारानं मी उभी राहिले.

"मी डबा घेऊन तिथंच शेडमंधी होती," काकू म्हणाल्या. "तुमाले चालवा म्हणलं अन् फोन ठेवला, मंग खालीच बसले. मी पाणी देल्लं, तं गिलास धरता येईना, इतके हात कापून राहिले होते. शेजारच्यानं अन् मी धरून टेम्पोत बसवलं. एकच बोलत होते, मी त्या पोरीची गाडी जाऊ देल्ली. चाबी काहून नाही ठेवून घेतली?"

"पण काकू, त्यांनी मला बजावलं होतं. मीच ऐकलं नाही. चूक माझी होती."

"मीबी तेच सांगतलं," काकू म्हणाल्या. "कितीक डाव सांगतलं. पर त्यायले ते पटलं नाही."