ताण्यावरची जवारी

महादेव गेल्याचं मला अमरावतीच्या भाजीबाजारात कळलं. त्याचा चुलतभाऊ वांग्यांच्या पाट्या उतरवत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "भाऊ गेला, मास्तर. तापानं." मागे गिऱ्हाईक उभं होतं. मी बाजूला झालो...

अकोल्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू. पुढे मी पुस्तकांत राहिलो आणि तो पूर्णेकाठच्या आपल्या मळ्यात. श्रावणातल्या पुरात तो मळा गेला. त्याच्या गावातल्या कोष्ट्यांच्या आळीत पाणी शिरलं आणि जमिनीत खड्डा करून बसवलेले त्यांचे माग गाळाने भरले. अकोल्याच्या प्रतिष्ठितांनी मदत समिती काढली. समितीकडे जवारी होती, पण गाळातून जाणारी गाडी नव्हती. ती महादेवने दिली आणि स्वतःच हाकली. एका खेपेला मी सोबत होतो. आळीतला म्हातारा विणकर लहानूजी दारातूनच म्हणाला, "काय माळीबुवा, वांगे इकाले आले का?"

"वांगे नदीनं नेले, बाबा. आता फुकट वाटून राहिलो."

त्या दिवशी समितीचे अध्यक्षही आले होते. ते वकील होते. आळीत लहानूजीने ताणा, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत, पसरला होता. पुरात माळ्यावर टाकून वाचवलेलं तेवढंच सूत त्याच्याकडे उरलं होतं. त्याची सून जवारीचं पीठ पाण्यात शिजवून कुंचल्याने त्या सुतावर लावत होती. ही खळ. ती नसली तर सूत मागावर पिंजतं आणि तुटतं. अध्यक्षांनी जन्मभर धोतर नेसलं होतं, पण ते कसं तयार होतं हे विचारावंसं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"भुकेची जवारी सुताला फासता?" ते म्हणाले. "म्हणजे भूक नाहीच."

"वकीलसाहेब, पोटाचं काढून मागाले देऊन राहिले हे लोक," महादेव म्हणाला. "माग चालला तं तुमच्या दारात कावून येतीन?"

"मिळालेलं दान कसं वापरायचं, हे घेणाऱ्याने ठरवायचं नसतं."

हे वाक्य मी अनेकदा मनात उलटून पाहिलं आहे. ते कोणत्याही बाजूने पाहिलं तरी तितकंच निर्दय आहे. सुनेने हातातला कुंचला खाली ठेवला. त्यानंतर आळीची जवारी बंद झाली.

मग महादेव घरची जवारी नेऊ लागला. प्रत्येक दारात तो एक मोठं गाठोडं ठेवी आणि एक लहान. "हे खायाचं, हे मागाचं," तो सांगे. "मागाचं खाल्लं तं मी पाहाले येणार नाई. पण लहानूजी, तुमच्या धोतराले भोकं पडतीन." म्हातारा हसे. त्याची सून पुन्हा खळ शिजवू लागली. पाऊस थांबत नव्हता. अंगात ताप भरला तरी महादेव गाडी जुंपत राहिला. तो ताप कशाचा, हे वैद्य सांगेल. त्या गाळातून तो एकटा का जात होता, हे समितीने सांगावं.

समितीने अकोल्यात शोकसभा घेतली. अध्यक्षांच्या खांद्यावर कोरं उपरणं होतं. आमच्या मदतीने उभ्या राहिलेल्या मागावरचं हे कापड, असं ते म्हणाले. महादेवचा उल्लेख त्यांनी 'समितीचा गाडीवान' असा केला. मी सहसा सभेत बोलत नाही. त्या दिवशी उठलो आणि विचारलं, "त्या आळीची जवारी समितीने पुन्हा केव्हा सुरू केली?"

त्यांनी चष्मा पुसला. "मास्तर, ही वेळ नव्हे."

लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही अशुभ बोललो होतो. मी खाली बसलो. इथे मला खाली बसवणारं कोणी नाही, म्हणून लिहितो: हीच वेळ होती.

सभेहून मी महादेवच्या घरी गेलो. वहिनी गाठोडी बांधत होत्या. शेजारच्याने बैल जुंपले होते.

"अजून पाठवता?" मी विचारलं.

"पयलं कापड आत्ता निंगालं त्याईचं. दुसरं निंगेपावतर तं पाठवाच लागन ना, भाऊजी."

"आणि तुम्हाला?"

त्यांनी हाताने कणगी दाखवली. मी वाकून आत पाहिलं. धान्य तळाला गेलं होतं. उघड्या पडलेल्या आतल्या सारवणावर बोटांचे रुंद फराटे वाळून राहिले होते. "मी माहेरी होती," वहिनी म्हणाल्या. "औंदा त्याईनंच सारवली."