नरहरदादाचं पुस्तक

आमच्या शेजारच्या ताराकाकूंना वाचायला शिकवलं ते त्यांच्या थोरल्या भावानं, नरहरदादानं. निजामाच्या राज्यात अंबडच्या शाळेत तेव्हा सगळं उर्दूत चाले, आणि मुलींना तिथं कोण पाठवणार? दादानं घरीच खडूनं फरशीवर अक्षरं काढून त्यांना मराठी शिकवलं. काकू सात वर्षांच्या होत्या. आई नुकतीच गेली होती. शहागडला गोदावरीत स्नानाला उतरली, पाय घसरला, देहसुद्धा मिळाला नाही, असं वडिलांनी सांगितलं होतं.

पुढं दादा पुण्यात एका मासिकात कामाला लागला. काकूंचं लग्न गावातल्याच मुकुंदरावांशी झालं. ते तहसिलीत कारकून होते. वडीलही वारले. दर भाऊबिजेला दादा यायचा आणि ओवाळणीत पुस्तकं घालायचा. काकू ती वर्षभर पुरवून वाचायच्या.

एकोणीसशे त्रेचाळीसच्या श्रावणात मुकुंदरावांनी जालन्याच्या वाचनालयातून एक रहस्यकादंबरी आणली. लेखकाचं नाव कधी न ऐकलेलं. जेवणं आटोपून काकू वाचायला बसल्या. एका घरात तान्हं मूल दगावतं आणि आई भ्रमिष्ट होत जाते. एका दुपारी ती पाट्यावरचा वरवंटा उचलते, त्याला मेलेल्या बाळाची हिरवी कुंची घालते आणि मांडीवर घेऊन थोपटत बसते. दाराच्या फटीतून तिची लहान मुलगी ते बघत असते.

काकूंनी तेवढं पान पुन्हा वाचलं. ती मुलगी त्या स्वतः होत्या. कुंचीसुद्धा हिरवीच होती. आणि पाहिलेलं त्यांनी जन्मात एकालाच सांगितलं होतं, दादाला.

"अगं, दिवेलागण झाली. अजून वाचूनच राह्यलीस?" मुकुंदराव कचेरीतून येऊन विचारत होते.

"हे दादानं लिहिलंय," काकू म्हणाल्या.

पुस्तकातला बाप बायको नदीत बुडाल्याची आवई उठवतो आणि तिला लांबच्या खेड्यात एका कुटुंबाकडं नेऊन ठेवतो. शेवटच्या प्रकरणात रहस्य उलगडतं. बाळ आजारानं मेलेलंच नसतं. त्याला जास्तीची अफू चाटवणारी ती दाराआडची मुलगी असते.

आई कामात असली की तान्ह्या भावाला अफूची कणी चाटवायचं काम खरोखरच तारालाच असे. किती चाटवायची, हे तिला आता आठवत नव्हतं.

"गोष्ट आहे ती. बिलकुल मनावर घेऊ नको," मुकुंदराव म्हणाले. पण काकू आपल्या लेकरांना औषध पाजायलासुद्धा घाबरू लागल्या. भाद्रपदात अविधवा नवमी आली. दरवर्षी त्या आईच्या नावानं सवाष्ण जेवू घालत. त्या वर्षी चूल पेटवली आणि तशीच विझवली.

त्यांनी दादाला पत्र घातलं नाही. भाऊबिजेची वाट पाहिली. तो येऊन पाटावर बसला, तेव्हा त्यांनी निरांजनाच्या तबकाऐवजी ते पुस्तक त्याच्यापुढं ठेवलं.

"हे एवढंच आणायचं राहिलं का रे?"

दादाचा चेहरा उतरला. "इथपर्यंत येईल असं वाटलं नव्हतं."

"आई बुडाली नव्हती?"

"नाही. वेड लागलेल्या बाईची मुलगी कोण करून घेणार? तुझ्या लग्नासाठीच केलं बाबांनी. मला शपथ घातली होती."

"आहे ती?"

"चार वर्षं झाली जाऊन."

"म्हणजे माझ्या लग्नात होती. माझी बाळंतपणं झाली तेव्हा होती. तू तिला भेटत होतास?"

"वर्षातून एकदा."

"आणि मंग इथं येऊन माझ्या हातचं जेवत होतास." काकूंचा आवाज चढला नाही. "बाळाचं काय लिहिलंयस?"

"ते रचलेलं आहे, तारा. असल्या कादंबरीला शेवटी धक्का लागतो."

"त्याला मीच सापडले?"

दादानं पुस्तक पालथं घातलं. काकूंनी बाजूला मांडून ठेवलेलं तबक उचलून आत नेलं. त्यांनी विचारलं म्हणून आईला ठेवलं होतं त्या खेड्याचं नाव तेवढं सांगून तो न ओवाळताच निघून गेला.

पण बाळाचं रचलेलं आहे, हे तरी खरं कशावरून? वीस वर्षं खोटं बोललेल्या माणसाचा भरवसा कसा धरायचा? आठ दिवसांनी काकू आणि मुकुंदराव छकडा करून गोदाकाठच्या त्या खेड्यात गेले. आईला ज्यांनी सांभाळलं त्या घरातली साळूबाई अंगणात कापूस निवडत होती.

"तू तारा व्हय? लई नाव घ्यायची तुजं," ती म्हणाली. "पयली दोन-तीन वर्सं भान न्हवतं तिला. मंग बराबर झाल्ती. माज्यासंगं कापूस वेचायला यायची. घरी जायाचं म्हणायची. तुज्या बापाकडं निरोप धाडला, तर त्यो म्हणला, आता जमायचं न्हाई, तेराव्याचं जेवण झालंय."

"दादाला माहीत होतं? ती बरी झाली ते?"

"त्याला न्हाई तर कुणाला? त्योच तर निरोप घिऊन गेल्ता."

मग काकूंनी विचारलं, "माझा लहान भाऊ कशानं गेला, काही सांगायची ती?"

"घटसर्प झाल्ता म्हणं. गळा सुजला, दूध गिळंना. तीन रोज मांडीवरून खाली ठिवलं न्हाई तिनं लेकराला."

काकू तिथंच कापसाच्या ढिगाशी बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. साळूबाईनं त्यांना तांब्याभर पाणी दिलं आणि आईची गोधडी आणून दाखवली. पुढं दर वर्षी सुगी उरकली की साळूबाई अंबडला येऊन आठ दिवस राहू लागली. काकू तिला मावशी म्हणायच्या.

दादाची पत्रं येत. मुकुंदराव दोन ओळींत खुशाली कळवत. अठ्ठेचाळीसमध्ये निजामाचं राज्य गेलं, तेव्हा बहिणीची काळजी वाटून तो स्वतःच आला. काकूंनी पान वाढलं, तूप वाढलं, समोर बसून वारा घातला.

"भाजी आणखी घ्या," त्या म्हणाल्या. "संकोच करू नका."

बहिणीच्या तोंडून 'घ्या' ऐकून नरहरदादाचा हात ताटातच थांबला. मग त्यानं पानातलं सगळं संपवलं, चूळ भरली, आणि संध्याकाळच्या मोटारीनं गेला. त्यानंतर तो अंबडला आला नाही.