चहा आला की बंद-चालू

सोमवारपर्यंत सिस्टीम नीट चालली नाही तर जुना रनटाइम परत येणार आणि मी टीम लीडवरून परत टेस्टिंगला. आठवडाभर झोप नाही ती यामुळे. आमच्या अमरावतीच्या सहा जणांच्या ऑफिसात किस्से साचतात ते सिंकमधल्या भांड्यांसारखे. घासायची पाळी बहुतेक माझी.

*

नवा रनटाइम हा माझाच हट्ट. कोड तोच ठेवायचा, तो ज्यावर चालतो ते बदलायचं. "फास्ट आहे, सर." डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, मात्र जुन्या रनटाइमसाठीची. नव्यावर ती 'बहुतेक चालेल' असं कुणीतरी लिहून ठेवलं होतं.

सरांनी विचारलं, "बहुतेक म्हणजे किती?"

"बहुतेक सगळं," मी म्हटलं. आत्मविश्वास मला येतो तो असा, नको तिथे.

*

पहिलं गिऱ्हाईक वरूडचं, संत्र्याचं पॅकिंग; पेट्यांची नोंद आमच्या सिस्टीमवर. तिथलं काम बघणाऱ्या गजाननभाऊंचा दुसऱ्याच दिवशी फोन.

"मॅडम, थे कनेक्टेड दाखवते, पन पेटीचा नंबर टाकला का नुसतं फिरूनच राहिलं."

"एरर काय येतोय?"

"एरर आला असता तं बरंच होतं. काहीच नाही येत."

लायब्ररी डेटाबेसकडून कनेक्शन घ्यायची आणि काम झालं तरी परत द्यायची नाही. सगळी अडकली की सिस्टीम गप्प. का, ते मला आजही सापडलेलं नाही.

*

तोवर उपाय एकच. "भाऊ, दर दोन तासांनी सर्व्हर बंद करून चालू करा."

भाऊंनी घड्याळाऐवजी नेम ठेवला तो चहाचा. चहा आला की बंद-चालू. चार दिवस सुरळीत. पाचव्या दिवशी सगळं ठप्प, दारात ट्रक उभे. मी घरीच होते, मांडीवर चार वर्षांची मनू, फोन स्पीकरवर.

"भाऊ, आज काय बदललं?"

"काहीच नाही जी. चहावाल्याच्या घरी लगन हाये. चहाच नाही आला, तं बंद-चालू कोन करन?"

सरांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मंग त्या चहावाल्यालेच टीम लीड करू. सिस्टीम तं त्याच्याच भरोशावर चालून राहिली."

*

आज रविवार. सकाळपासून लॅपटॉपसमोर आहे. मनू चित्र घेऊन आली. "आई, पाह्य ना."

"हं."

"आई, संत्र काढलं."

"हं."

तिने कागद स्क्रीनवर धरला. मी तो बाजूला केला आणि म्हटलं, "हं."

ती स्वयंपाकघरात गेली.

"बाबा, चहा ठेवा ना. आईले बंद-चालू करायचं हाये."