गंगावणे सर आणि त्यांनी जगवलेला डेव्हलपर

मी सहावीत असताना प्रभाकर गंगावणे सर पहिल्यांदा आमच्या दारात आले. दसरा होऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी ऊसतोडीचा ट्रक येणार होता आणि आई भांडी पोत्यात भरत होती. सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवत. गळ्यात कॅमेरा अडकवून ते म्हणाले, "सगळे उंबऱ्यापाशी उभे राहा."

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. वडिलांनी विचारलं, "सर, हसू का नगं?"

"हसा की. पण बेतानं. मुकादमाला वाटेल, उचल जास्त झाली."

वडील इतके हसले की फोटोत त्यांचे डोळे मिटलेले आले.

मिरजगावच्या बाजूच्या आमच्या गावातून टोळ्या निघण्याआधी सर दरवर्षी प्रत्येक कुटुंबाचा असा एक फोटो काढत. गुढीपाडव्याच्या सुमारास लोक परतले, की फोटो तयार असे. या बदल्यात त्यांनी कुणाकडून चहाखेरीज काही घेतलं नाही. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी भिंतीवर लावण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती.

त्याच वर्षी सरांनी वडिलांना सांगितलं, "मनीषा इथं राहील. तिची शाळा बुडवू नका."

"आवो सर, फडात धाकट्याला कोन संभाळनार?"

दारात उभ्या असलेल्या काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, "मग त्यालाही ठेवा. दोन भाकरी जास्त थापीन." आम्ही दोघं भावंडं दर हंगामात सरांच्या घरी राहिलो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. त्याचं मूळ काकूंच्या त्या वाक्यात आहे.

सरांची डार्करूम म्हणजे त्यांचं जुनं न्हाणीघर. तिथे तपकिरी काचेच्या एका मोठ्या बाटलीत डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, असे. रोल धुतला, की वापरलेल्यातला कपभर डेव्हलपर ओतून द्यायचा आणि तेवढाच ताजा, जरा कडक बनवलेला, आत घालायचा. सर याला 'भर घालणं' म्हणत. माझ्या जन्माच्या आधीपासून ती बाटली कधी पूर्ण रिकामी झाली नव्हती. हवा लागून डेव्हलपर खराब होऊ नये म्हणून पातळी खाली गेली, की सर आत काचेच्या गोट्या सोडत. काकू म्हणत, "माझं विरजण मोडलं तर शेजारून आणता येतं. ह्यांचं मोडलं तर कुठं जायचं?"

आमच्या बोअरचं पाणी जड. भांड्यावर पांढरा थर धरणारं, डेव्हलपर बनवायला न चालणारं. म्हणून शिर्डीच्या एका लॉजवर काम करणारा सरांचा जुना विद्यार्थी एसीतून ठिबकणारं पाणी कॅनमध्ये साठवून एसटीने पाठवायचा. एकदा कॅन उतरवताना कंडक्टरने विचारलं, "शिर्डीचं तीर्थ हाय का गुरुजी?" सर म्हणाले, "एसीचं आहे." तरी त्या भल्या माणसाने बोटं ओली करून डोळ्यांना लावलीच.

मी रसायनशास्त्र घेतलं ते त्या बाटलीमुळे. आज नगरला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. हा लेख सरांच्या गौरवग्रंथासाठी आहे, आणि अशा ग्रंथात यापुढे यशाच्या गोष्टी याव्यात, असा संकेत आहे. मला तो पाळता येत नाही.

हळूहळू सगळ्यांच्या हातात मोबाईल आले. सर दारात गेले, की पोरं म्हणायची, "काढलाय सर फोटू. रीलपन टाकलंय." सर हसून पुढच्या घरी जायचे. पुढचं घरही तेच म्हणायचं. रोल कमी झाले, आणि रोलच नाहीत तर भर कशाची घालणार? डेव्हलपर वापरून संपत नाही, तो पडून राहून मरतो. सरांनी मला हे शिकवलं होतं. तेव्हा ते फक्त रसायनाबद्दल आहे, असं मला वाटलं होतं.

मागच्या हंगामात चार-दोनच कुटुंबं उभी राहिली. शेजारच्या तान्हाबाई मात्र स्वतः सरांकडे आल्या. मुलाच्या टोळीबरोबर त्या नातवंडं सांभाळायला जात. म्हणाल्या, "सर, माझा एकटीचा काढा. समद्या फोटूत मी कुनाचं तरी पोर धरूनच हाय." सरांनी त्यांना नुसत्या हातांनी उभं केलं. रोल पूर्ण भरला नाही, म्हणून तो कॅमेऱ्यातच राहिला.

तान्हाबाई कारखान्याच्या कोपीवरच, तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीत, वारल्या. मुलाचा, बाळूचा, फोन आला, दहाव्याला फोटो पाहिजे. सरांनी लगेच रोल धुवायला घेतला. आधी उजेड लागलेला फिल्मचा तुकडा बुडवून डेव्हलपर जिवंत आहे का, ते त्यांनी नेहमीसारखं पाहिलं. जिवंत असेल तर तुकडा काळाकुट्ट होतो. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मळकट तुकडा त्यांना काळा दिसला.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचले. फिल्म खिडकीपाशी धरली. धुतलेल्या काचेसारखी स्वच्छ. सरांनी विचारलं, "कॅमेऱ्याचा दोष असेल?" फिल्मच्या कडेला कंपनीनेच आधी टिपलेले आकडे असतात, ते कॅमेरा बिघडला तरी डेव्हलपरमध्ये उमटतात; तेसुद्धा उमटले नव्हते. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नव्हता, डेव्हलपर मेलेला होता. मी तसं सांगितलं. सरांशी खोटं बोलणं मला जमत नाही.

सर माझा हात धरून बाळूकडे गेले. "बाळू, तुझ्या आईचा फोटो माझ्या हातून गेला."

"जाऊ द्या सर. मोबाईलमधी हाय की एक."

तडकलेल्या काचेवर बैलगाडीमागे तान्हाबाईंचा अर्धा चेहरा दिसला. दहाव्याला तोच मोठा करून ठेवला होता. दुकानदाराने कडेवरचं नातवंड कापून टाकलं होतं. त्याला धरलेला हात तेवढा राहिला होता. सर फोटोच्या अगदी जवळ गेले, तरी त्यांना तो नीट दिसला नाही.

घरी येऊन त्यांनी बाटली ओतून दिली. मी म्हटलं, "नवा बनवते, सर."

"बनवशील गं. त्याला काम कोण देणार?"

मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं काढलं तर म्हणतात, "आता काय बघायचंय?" काकू रागावतात, मी रडते. सर ओट्यावर बसून राहतात. ज्यांनी आम्हा सगळ्यांना उंबऱ्यावर उभं करून नीट पाहिलं, त्यांना आमच्याकडे पाहण्याची इच्छा उरलेली नाही. तंत्र बदलतं, हे मला कळतं. पण हे सुधारेल, असं मनापासून म्हणवत नाही.

सर, हा ग्रंथ तुमच्या पंचाहत्तरीचा आहे आणि तो तुम्हाला वाचता येणार नाही. हा लेख मीच तुमच्याजवळ बसून वाचणार आहे. इथपर्यंत आल्यावर मी थांबेन आणि विचारीन, दवाखान्यात कधी जायचं? तुम्ही काय म्हणाल, ते मला माहीत आहे. तरी विचारीन. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे शेवटचं वाक्य तुम्ही तारीख सांगितल्यावरच वाचून दाखवीन.