कबुली न देण्याचं कलम

अमरावतीत माझं एका खोलीचं ऑफिस आहे. आसपासच्या गावांतले भाजीपाला आणि फुलं करणारे लोक पानं, फांद्या, कधी मुळासकट उपटलेलं झाड पिशवीत घालून आणतात. मी बघतो आणि कोणतं औषध किती फवारायचं ते चिठ्ठीवर लिहून देतो. औषध विकत नाही, नुसता सल्ला देतो. लोक मला साहेब म्हणतात आणि माझी चिठ्ठी डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी जपून ठेवतात. मला ते फार आवडायचं, हे आधीच सांगून टाकतो.

अकोल्याच्या एका कंपनीने मला सल्लागार म्हणून घ्यायचं ठरवलं आणि अट घातली, आधी व्यावसायिक दायित्वाचा विमा काढा. मला वाटलं, आगीचा आणि चोरीचा असतो तसाच हाही असेल. अकोल्याच्या एजंटने समजावून सांगितलं. "सर, हा तुमच्या सामानाचा विमा नाही, तुमच्या सल्ल्याचा आहे. तुमच्या सांगण्याने कोणाचं नुकसान झालं आणि त्याने भरपाई मागितली, तर वकीलही आमचा आणि भरपाईही आमची. मुद्दाम केलेली लबाडी याच्यात बसत नाही. चूक बसते." मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "फक्त एक करायचं. चूक झाली तरी झाली म्हणायचं नाही. आम्हाला न विचारता कबुली दिली की विमा गेला समजा." तो हसला, मीही हसलो. कागद जाडजूड होते, ते मी वाचलेच नाहीत. दुसऱ्याला 'लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडू नका' म्हणून झापणारा माणूस मी.

आमच्याकडे औषधाचं माप लिटरवर कोणी विचारत नाही. पंपाले किती, असं विचारतात, आणि आम्हीही पंपावरच सांगतो. त्यात एक मोठी मेख आहे. पेट्रोलवर चालणारा पॉवर पंप थोड्या पाण्यात जास्त रान मारतो, म्हणून त्याला साध्या पंपाच्या तिप्पट औषध लागतं. साध्या पंपाला एक झाकण, तर पॉवर पंपाला तीन. म्हणून चिठ्ठी लिहायच्या आधी पंप कोणता ते विचारायचं, हा या धंद्यातला अगदी पहिला धडा. मी तो विचारला नाही. त्या सकाळी आधीचे तिघे-चौघे पॉवर पंपवाले होते, हात त्याच लयीत चालला, आणि नांदगाव खंडेश्वरकडच्या एका झेंडूवाल्याला मी लिहून दिलं, पंपाला तीन झाकणं.

दसरा तोंडावर आला होता. चार दिवसांनी त्याचा फोन आला, "साहेब, झेंडू करपून राहिला, जरा पाहाले या." मी गेलो. पानांच्या कडा जळल्या होत्या, कळ्या काळ्या पडून माना टाकून उभ्या होत्या. मळ्यातल्या खोपीत खुंटीला साधा पाठीवरचा पंप लटकत होता. तो बघितला आणि तीन झाकणांची माझी चिठ्ठी आठवली. दुसरं काही तपासायची गरजच नव्हती.

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याची आई म्हणाली, "साहेब, तुमची चिठ्ठी बराबर होती. आमच्या सुनंनंच माप चुकवलं. तीनाच्या जागी चार-पाच झाकणं टाकले असन इनं."

सून बाजूला उभी होती. घरात वाचता येणारी ती एकटीच, दहावी झालेली. लेबल वाचणं, झाकणं मोजणं, फवारणीची तारीख भिंतीवर लिहिणं, सगळं तिच्याकडे. नवरा कौतुकाने सांगायचा की, आमच्या घरची साहेब तीच आहे. आता तोच खाली बघत म्हणाला, "पुढच्या टायमाले मीच मोजतो." ती म्हणाली, "मीनं तीनच टाकले होते." कोणी ऐकलं नाही. साहेबाची चिठ्ठी चुकत नाही, त्यामुळे चुकली ती बाई. हिशेब इतका सोपा होता.

मी फोन आल्याचं सोंग केलं, बांधावर गेलो आणि एजंटला फोन लावला. त्याने एकच विचारलं, "त्यांनी भरपाई मागितली का?" नाही म्हणालो. "मग केस काहून उकरून राहिले तुम्ही? मागितलं तर मला सांगा. तोवर एक शब्द बोलू नका."

माझा जीव भांड्यात पडला. त्या क्षणाची मला आजही किळस येते. समोर जळालेला मळा, मागे खोपीत एका बाईची अब्रू जात असलेली, आणि मला हायसं वाटत होतं. हायसं वाटल्यावर भूकसुद्धा लागली.

परत खोपीत आलो तर तिने चहा केलेला होता. कप हातात देताना ती हळू आवाजात म्हणाली, "माफ करा साहेब. माह्यापायी तुमच्या चिठ्ठीचं नाव खराब झालं. चुकलं असन मोजाले." घंटाभरात तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. मी काय करावं? मोठ्या माणसाचा आवाज काढून म्हणालो, "असू द्या वहिनी. होतं असं. मी मनात ठेवत नाही." सासू म्हणाली, साहेबाचं मन मोठं. मी चहा प्यायलो. पोह्यांची प्लेट पुढे आली, तीही खाल्ली.

भरपाई कोणी मागितली नाही. स्वतःच्या सुनेची चूक असताना मागणार कोणाकडे? पुढे त्या घरी माप नवराच मोजू लागला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तो मला तोंडी विचारून पाठ करून जायचा. मी पंप कोणता ते न चुकता विचारायचो. वहिनी कशा आहेत हे मात्र एकदाही विचारलं नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा विमा पुढे चालू करायला अकोल्याला गेलो. फॉर्मवर एक प्रश्न होता, ज्यातून पुढे भरपाईची मागणी येऊ शकेल अशी एखादी चूक तुम्हाला माहीत आहे का? एजंटने तिथे आधीच 'नाही' टाकून ठेवलं होतं आणि सहीसाठी पेन पुढे केलं. मी उद्या करतो म्हणालो आणि कागद घेऊन स्टेशन गाठलं. बडनेऱ्यापर्यंत गाडीत ते सगळे कागद पहिल्यांदा वाचले. कबुली आधी विमा कंपनीला विचारून द्या, एवढंच त्या कलमात होतं. आणि त्याच्या खालीच लिहिलं होतं की चूक लक्षात आली की मागणीची वाट न बघता कंपनीला कळवा. म्हणजे फोनवर नव्हे, दोन ओळी लिहून कळवलं असतं, परवानगी मागितली असती, तर कदाचित आठवड्याभरात खरं सांगता आलं असतं. दुसऱ्यावर खापर फुटू द्या आणि वर पोहे खा, असं कोणत्याही कलमात नव्हतं. ते माझं मीच केलं होतं. एजंटला शिव्या द्यायची सोयही राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीला सगळं लिहून कळवलं. उत्तराची वाट पाहिली नाही, विमा जातो तर जाऊ दे म्हणून तसाच मळ्यावर गेलो. तिघंही होती. उभ्या उभ्या सांगून टाकलं. पंप कोणता ते मी विचारलं नाही, तीन झाकणं पॉवर पंपाची होती, तुमच्या साध्या पंपाला एकच हवं होतं, वहिनींनी बरोबर मोजलं होतं.

सासूने हात जोडले. "पाह्य बाप्पा, किती मोठ्या मनाचा माणूस! इले बोल लागू नये म्हणून सोतावर घेऊन राहिला." मी पुन्हा सांगितलं, पंपाचा फरक समजावला, आवाजही चढवला. नवरा मान हलवत होता. "राहू द्या साहेब," तो म्हणाला, "झालं गेलं. तुमी तवाच माफ केलं होतं तिले." जितकं जास्त सांगत होतो तितका मी त्यांच्या नजरेत मोठा होत होतो.

खरं एकट्या सुनेलाच कळलं होतं. वांग्याच्या वाफ्यात खुरपत होती ती उठून जवळ आली. हात मातीने भरलेले होते. रागावलेली दिसत नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"चूक तुमची होती," ती म्हणाली, "तं मंग तवा मले माफ कावून केलं, साहेब?"